मुखाचा कर्करोग बरा झाल्यानंतर

कुटुंबांतील एखादें माणूस मोठ्या दुखण्यांतून उठलें, म्हणजे घरांत जो आनंद होतो त्याचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. नवस फेडले जातात, सत्यनारायण होतो, मुंबईच्या फेऱ्यांसाठीं काढलेलें कर्ज हळूहळू फिटूं लागतें, आणि इस्पितळाचे कागद एका पिशवींत बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले जातात. विषमज्वर, अस्थिभंग इत्यादि दुखण्यांच्या बाबतींत ही रीत ठीकच आहे. परंतु तोंड, जीभ, घसा किंवा स्वरयंत्र ह्यांच्या कर्करोगांतून जो मनुष्य बरा होऊन घरीं येतो, त्याच्या बाबतींत ती पिशवी वरच्या फळीवर जातां कामा नये, हें आम्हांस आज वाचकांस सांगावयाचें आहे. कारण ह्या रोगाचा एक विशेष असा कीं, पहिला रोग समूळ नाहींसा झाला तरी त्याच मनुष्यास पुढें दुसरा, अगदीं स्वतंत्र असा कर्करोग होण्याचा संभव इतरांपेक्षां पुष्कळ अधिक असतो. भीति घालण्याच्या हेतूनें आम्ही हें लिहीत नाहीं. जो धोका आधीं ठाऊक असतो, आणि ज्याचीं बरींचशीं कारणें घरांतील माणसांच्याच हातीं असतात, त्यास तोंड देणें सोपें जातें, एवढाच आमचा हेतु आहे.

किनाऱ्यावरील पानाचें तबक

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा किनारा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस तेथील वाड्यांचें वर्णन सांगावयास नको. अलिबाग, नागांव, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन हीं गांवें नारळी-पोफळीच्या सावलींत वसलेलीं आहेत. आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी तर आपल्या नांवावरच बाजारांत विकली जाते. पूर्वीं कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व १९८१ पासून रायगड हें नांव धारण केलेल्या ह्या जिल्ह्यांत कित्येक सुशिक्षित कुटुंबांचें उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या पोफळीवर चालत आलें आहे. जेवणानंतर पाहुण्यांपुढें पानाचें तबक यावें, आणि दुपारीं आजीबाईंनीं अडकित्त्यानें सुपारी कातरीत ओटीवर बसावें, हें तेथील घरांचें नित्याचें चित्र होतें, आणि पुष्कळ ठिकाणीं तें अद्यापि पुसलेलें नाहीं.

तंबाखू ही ह्या तबकांत मागाहून आलेली पाहुणी. ती पोर्तुगीजांच्या मार्गानें हिंदुस्थानांत आली, आणि पोर्तुगीजांचें एक ठाणें तर चौल-रेवदंड्यासच होतें. परंतु पाहुणी म्हणून आलेली ही बया घरधनीण होऊन बसली. कोणी ती पानांत घालूं लागला, कोणी चुन्याबरोबर मळून गालांत धरूं लागला, आणि स्त्रिया ती भाजून, तिची पूड करून मशेरी म्हणून दांतांस लावूं लागल्या. मशेरी ही आपल्या घरांतील संवय नव्हे, असें पांढरपेशा माणसें मोठ्या आत्मविश्वासानें सांगतात. परंतु दांत शिवशिवतात किंवा पोट साफ होत नाहीं ह्या निमित्तानें ती डबी माजघरापर्यंत केव्हां आली, हें पुष्कळदां घरांतील पुरुषांस ठाऊकही नसतें. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ माणसें कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखूचें सेवन करीत असल्याचें आढळून आलें, आणि त्यांत ती ओढणाऱ्यांपेक्षां तोंडांत धरणारीं कितीतरी अधिक होतीं. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यास बंदी केली. तथापि साधी तंबाखू, मशेरी व सुपारी ह्यांस बाजार मोकळाच राहिला.

ह्याचा परिणाम मुंबईच्या वैद्यांस फार लवकर दिसला. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं १९४४ सालींच मुंबईंतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. गालाच्या आंतील बाजूस व हिरडीलगत, म्हणजे नेमका जेथें तंबाखूचा बार किंवा विडा दाबून ठेवितात तेथेंच, आपल्याकडे हा रोग वारंवार उठतो. आपल्या विड्यांत तंबाखू नसते म्हणून आपण निर्धास्त, असें समजणाऱ्यांसही आतां ती सबब उरलेली नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००३ सालीं सर्व पुरावा तपासून, नुसती सुपारीदेखील मनुष्यास कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय दिला. ज्या सुपारीवर आपल्या वाड्या उभ्या आहेत, तिच्याविषयीं हें लिहिणें आम्हांस सुखाचें नाहीं. परंतु सत्य सांगितल्यावांचून पुढील विवेचन समजावयाचें नाहीं.

खाऱ्या शेताचा दृष्टांत

पहिला रोग कापून काढला, किरणोपचारानें जाळला, तरी दुसरा कां व्हावा? ह्या प्रश्नाचें उत्तर १९५३ सालीं शिकागो येथील शल्यवैद्य डॅनेली स्लॉटर व त्यांचे दोन सहकारी ह्यांनीं दिलें. त्यांनीं मुखकर्करोगाच्या ७८३ रुग्णांच्या गांठी तपासतांना केवळ गांठ न पाहतां तिच्या भोंवतालची वरवर निरोगी दिसणारी त्वचाही सूक्ष्मदर्शकाखालीं धरली. आणि ती त्वचाही बिघडलेलीच आढळली. कित्येकांच्या तोंडांत तर एकाहून अधिक ठिकाणीं स्वतंत्र गांठी होत्या. त्यावरून त्यांनीं असा सिद्धांत मांडला कीं, हा रोग एका बिंदूंत नसून सगळ्या क्षेत्रांत भिनलेला असतो. गांठ ही त्या क्षेत्रांतील सर्वांत आधीं पिकलेली जागा होय.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस हें समजावयास दूर जावयास नको. अलिबाग-पेणच्या खारेपाटांत समुद्राचा बांध फुटला म्हणजे खारें पाणी सगळ्या खाचरांत शिरतें. भात प्रथम एका कोपऱ्यांत करपतें. परंतु तेवढा कोपरा खणून काढल्यानें शेत गोडें होत नाहीं, कारण मीठ सगळ्याच मातींत उतरलेलें असतें. आधीं बांध घालून पाणी थांबवावें लागतें, मग कांहीं पावसाळे मीठ धुवून नेतात, आणि तोंवर शेतकरी रोज शेतावर नजर ठेवतो. तंबाखू, सुपारी, धूम्रपान व मद्य हें येथें खारें पाणी. ओठांपासून घशापर्यंत, घशापासून अन्ननलिकेपर्यंत, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतींत फुप्फुसापर्यंत, तें वर्षानुवर्षें एकाच त्वचेवरून वाहत असतें. पेशींच्या बीजद्रव्यांतील वाढीस आवर घालणाऱ्या गुणसूत्रांश बिघडलेल्या पेशींचे थवेच्या थवे निरोगी दिसणाऱ्या त्वचेंतही असतात, हें पुढें प्रयोगशाळेंत सिद्ध झालें आहे.

पहिल्याचें पुनरागमन कीं नवा रोग?

जुनाच रोग परत येणें आणि नवा रोग उत्पन्न होणें ह्यांत भेद आहे, आणि तो कुटुंबानें समजून घेणें अत्यंत उपयुक्त आहे. १९३२ सालीं वॉरन व गेट्स ह्या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञांनीं ह्यासाठीं तीन कसोट्या घालून दिल्या, त्या आजही मानल्या जातात: दोन्ही गांठी निश्चितपणें कर्करोगाच्या असल्या पाहिजेत, त्या एकमेकींपासून अलग असल्या पाहिजेत, आणि दुसरी ही पहिलीचीच पसरलेली शाखा नाहीं, अशी खात्री झाली पाहिजे. दुसरी गांठ पहिलीबरोबरच किंवा सहा महिन्यांच्या आंत सांपडली तर तिला समकालीन म्हणतात, त्यानंतर सांपडली तर उत्तरकालीन.

आतां मुख्य गोष्ट ही. जुना रोग परत यावयाचा असेल, तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो. त्यानंतर तो येण्याची भीति झपाट्यानें ओसरते. नव्या रोगाचें तसें नाहीं. त्याचा धोका वर्षामागून वर्ष थोड्याफार सारख्याच प्रमाणांत चालू राहतो, व म्हणून एकंदरींत सांचत जातो. परिणाम असा कीं, पांच वर्षें सुखरूप गेलीं, आतां रोगाचें नांव काढावयास नको, असें म्हणून जेव्हां घर निर्धास्त होतें, नेमकें तेव्हांपासून पहिल्या रोगापेक्षां दुसऱ्याचीच भीति अधिक असते. पांच वर्षें पार पडणें ही खरोखरच आनंदाची गोष्ट होय. परंतु ती पाहणी थांबविण्याची मुदत नव्हे.

धोका किती?

निरनिराळ्या देशांतील १३ कर्करोग-नोंदणीकेंद्रांतील ९९,२५७ रुग्णांची माहिती २००८ सालीं एकत्र करण्यांत आली. त्यांत सांपडलेला हिशेब असा कीं, डोकें व मान ह्या भागांच्या कर्करोगानंतर वीस वर्षांत कोणता तरी दुसरा कर्करोग होण्याचें प्रमाण शेंकडा ३६ पर्यंत जातें. अमेरिकेंतील ७५,०८७ रुग्णांच्या दुसऱ्या एका अभ्यासांत ह्या रुग्णांस दुसरा कर्करोग होण्याचें प्रमाण त्याच वयाच्या सामान्य लोकांच्या मानानें दुपटीहून अधिक दिसलें. हे आंकडे वाचून कोणी हताश होऊं नये. शेंकडा ३६ म्हणजे वीस वर्षांतही बहुसंख्य माणसांस दुसरा रोग झाला नाहीं, असाही त्याचा अर्थ आहे. शिवाय तो सर्वांची सरासरी आहे, आणि संवयी सोडणाऱ्याचा व न सोडणाऱ्याचा धोका सारखा नसतो.

दुसरा रोग कोठें होईल, हें पहिला कोठें झाला होता व संवय कोणती होती ह्यांवर बरेंच अवलंबून असतें. पाश्चात्य देशांत, जेथें ओढण्याची संवय मुख्य, तेथें दुसरा रोग फार वेळां फुप्फुसांत आढळतो. स्वरयंत्राच्या रुग्णांत तर विशेषेंकरून. तोंडांत धरण्याची संवय असलेल्या आपल्या लोकांत तोंडाचाच दुसरा भाग, घसा व अन्ननलिका ह्यांकडे अधिक लक्ष ठेवावें लागतें. डाव्या गालाचा रोग बरा झालेल्या मनुष्यानें उजव्या गालास विसरूं नये.

धोका वाढविणारीं कारणें

ह्यांत पहिलें व सर्वांत मोठें कारण म्हणजे जुनी संवय चालू ठेवणें. अमेरिकन शल्यवैद्य कॉन्डिक्ट मूर ह्यांनीं आपल्या बऱ्या झालेल्या रुग्णांचा वृत्तांत १९७१ सालीं दिला. त्यांत धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपैकीं शेंकडा ४० लोकांस तंबाखूजन्य दुसरा कर्करोग झाला, तर सोडणाऱ्यांपैकीं अवघ्या शेंकडा ६ लोकांस. रुग्णसंख्या दोनशेंच्या आसपास असल्यामुळें हे आंकडे तंतोतंत सर्वत्र लागू पडतील असें नाहीं. परंतु त्यांचा रोख पुढील अभ्यासांनीं खोटा ठरविलेला नाहीं. धूम्रपान सोडल्यावर पहिल्या चार वर्षांतच ह्या भागाच्या कर्करोगाचा धोका लक्षांत येण्याइतका उतरतो, आणि वीस वर्षांनीं तो जवळजवळ कधींच न ओढणाऱ्याइतका होतो, असें अनेक देशांतील एकत्रित माहितीवरून दिसून आलें आहे. एकदां रोग झालाच आहे, आतां सोडून काय उपयोग, हें बोलणें म्हणूनच निराधार होय.

दुसरें कारण मद्य. तंबाखू व मद्य हीं दोन्ही एकत्र आलीं म्हणजे त्यांच्या अपायांची बेरीज न होता गुणाकार होतो. तिसरें कारण सुपारी. तिनें गालाची आंतील त्वचा ताठ व फिकट होते, तिखट सोसत नाहीं, आणि तोंड उघडणें हळूहळू कमी होतें. ह्या विकाराचें वर्णन मुंबईचे डॉ. जोशी ह्यांनीं १९५३ सालीं केलें होतें. ज्याच्या तोंडांत हा विकार आहे, त्याची सगळीच त्वचा कर्करोगास अनुकूल झालेली असते. आणि सुपारी सोडल्यानंतरही तो ताठरपणा सहसा पूर्णपणें मागें फिरत नाहीं. चौथें कारण तोंडांत राहून गेलेले पांढरे, आणि त्याहूनही अधिक भीतिदायक असे मखमलीसारखे लाल चट्टे.

कांहीं कारणें मात्र कोणाच्याच हातचीं नसतात. एखाद्यास अगदीं तरुणपणीं, कोणतीही संवय नसतां हा रोग झाला, तर क्वचित् आनुवंशिक दोष असूं शकतो. फॅन्कोनीचा पंडुरोग हें त्याचें एक उदाहरण. अशा वेळीं वैद्यांस कुळाचा वृत्तांत मोकळेपणानें सांगावा. घराण्याच्या नांवासाठीं तो झांकून ठेवूं नये. किरणोपचारामुळेंही पुष्कळ वर्षांनीं त्या भागांत नवी गांठ उद्भवूं शकते. परंतु असें फार थोड्यांच्या बाबतींत घडतें, आणि त्या भीतीनें आज आवश्यक असलेला किरणोपचार नाकारणें म्हणजे उद्यांच्या पावसाला भिऊन आजच घर पाडण्यासारखें आहे. उलट, ज्यांचा घशाचा रोग ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूमुळें झालेला असतो व ज्यांस तंबाखूची संवय नसते, त्यांस दुसऱ्या रोगाचा धोका पुष्कळ कमी असतो.

पुढें काय होतें?

दुसरा रोग झालाच, तर मनुष्य वांचतो काय, हा प्रश्न प्रत्येक घरांत हळू आवाजांत विचारला जातो. त्याचें प्रामाणिक उत्तर असें. दुसरा रोग तोंडांतच झाला व लहान असतांना सांपडला, तर शस्त्रक्रियेनें तो बरा होण्याची आशा चांगली असते. फुप्फुसांत किंवा अन्ननलिकेंत झाला, तर ती आशा बरीच उणावते. कारण तेथील रोग दिसत नाहीं, दुखत नाहीं, आणि सांपडतो तेव्हां बहुधा पसरलेला असतो. समकालीन दुसऱ्या रोगापेक्षां पुष्कळ काळानें झालेल्या रोगांत परिणाम सामान्यतः बरा असतो. आणखी एक अडचण अशी कीं, पहिल्या वेळीं वापरलेलें हत्यार दुसऱ्या वेळीं तितकें मोकळेपणानें वापरतां येत नाहीं. एकदां पूर्ण किरणोपचार झालेल्या जागीं पुन्हा तितकाच देणें कठीण असतें, आणि एकदां कापलेला जबडा पुन्हा कापण्यासही मर्यादा असते. म्हणून दुसरा रोग लहान असतांनाच सांपडावा, ह्यास पहिल्याहूनही अधिक महत्त्व आहे.

मनोविश्लेषणशास्त्राचे जनक सिग्मंड फ्रॉइड ह्यांचा वृत्तांत ह्या बाबतींत बोधप्रद आहे. १९२३ सालीं त्यांच्या तोंडांतील कर्करोगाचें निदान झालें. त्यानंतर ते सोळा वर्षें जगले व विपुल लिहीतही राहिले. परंतु चिरूट मात्र त्यांच्यानें सुटेना. तोंडांत वरचेवर नवे चट्टे उठत, ते कापावे लागत, आणि १९३९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. जवळ नजर ठेवणारा शल्यवैद्य असल्यामुळें ते इतकीं वर्षें जगले, आणि चिरूट जवळ असल्यामुळें त्यांस इतक्या शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत श्री. शरद पवार ह्यांच्यावर २००४ सालीं मुखकर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते सार्वजनिक कार्यांत वावरत आले आहेत, आणि तंबाखू-सुपारीच्या संवयीबद्दल आपणांस कोणी वेळीं सावध केलें असतें तर बरें झालें असतें, असें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें आहे. राजकीय मतें कोणाचीं कांहींही असोत, हें सांगण्यास लागणारें धैर्य प्रत्येक कुटुंबप्रमुखानें अंगीं बाणवावें.

गोळ्यांचा मोह

घरोघरीं एक प्रश्न हटकून निघतो: दुसरा रोग टाळणारें एखादें औषध नाहीं काय? ह्याचा कसून शोध झालेला आहे. १९९० सालीं अमेरिकेंत ‘अ’ जीवनसत्त्वासारख्या एका औषधाच्या मोठ्या मात्रेनें दुसरे रोग पुष्कळ कमी झाल्याचें दिसलें आणि सर्वत्र आशा पालवली. परंतु ती मात्रा सोसवेना, आणि सोसवेल अशा लहान मात्रेचा ११९० रुग्णांवरील प्रयोग २००६ सालीं निष्फळ ठरल्याचें जाहीर झालें. १९९४ सालीं फिनलंडमध्यें धूम्रपान करणाऱ्यांस बीटा-कॅरोटिन दिलें, तर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजीं वाढला. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत अशाच ५४० रुग्णांस ‘ई’ जीवनसत्त्व दिलें असतां, गोळ्या चालू असेतोंवर दुसरे कर्करोग अधिकच झाल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. ताजीं फळें, पालेभाज्या व वरणभात हा आहार उत्तमच. परंतु नातेवाइकांनीं प्रेमानें आणून दिलेल्या शक्तिवर्धक गोळ्या वैद्यांस विचारल्यावांचून घेऊं नयेत.

कुटुंबाचें कर्तव्य

मग करावें तरी काय? आमच्या मतें एकत्र कुटुंब हेंच येथें मोठें बळ आहे. पण तें नीट वापरलें पाहिजे. बऱ्या झालेल्या माणसानें तंबाखू सोडावयाची, आणि त्याच्याच शेजारीं बसून काकांनीं विडा लावावयाचा, ह्यानें काय साधणार? जेथें शक्य असेल तेथें सगळ्या घरानेंच तबक बाजूस ठेवावें. संवय सुटतांना मनुष्य चिडतो, झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं. हें दिवस जाणारे असतात हें ओळखून घरच्यांनीं दोन शब्द सोसावेत, आणि न जमल्यास वैद्यांची मदत घ्यावी. त्यासाठीं औषधें व सल्ला दोन्ही उपलब्ध आहेत.

तपासणीचा साधारण क्रम असा असतो: पहिल्या वर्षीं दर एक ते तीन महिन्यांनीं, दुसऱ्या वर्षीं दोन ते सहा महिन्यांनीं, तिसऱ्यापासून पांचव्यापर्यंत चार ते आठ महिन्यांनीं, आणि त्यापुढें जन्मभर वर्षांतून एकदां. हा प्रवास आतां पूर्वीइतका बिकट राहिलेला नाहीं. खारघर येथें, म्हणजे रायगड जिल्ह्याच्याच हद्दींत, टाटा स्मारक केंद्राची संशोधन व उपचार संस्था आहे. आणि परळास जावयाचें असल्यास २०२० पासून मांडव्याहून भाऊच्या धक्क्यास मोटारीसह नेणारी बोटही सुरू झाली. जुने कागद, विशेषतः गांठीच्या तुकड्याचा अहवाल व किरणोपचाराची मात्रा लिहिलेला कागद, प्रत्येक वेळीं बरोबर न्यावा. नवी गांठ जुन्याची शाखा कीं स्वतंत्र, हें ठरवितांना तोच कागद वैद्यांस उपयोगीं पडतो. पूर्वीं पुष्कळ धूम्रपान केलेल्यांनीं फुप्फुसाच्या तपासणीबद्दलही विचारावें.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळांत घरचे डोळे कामाला लावावेत. महिन्यांतून एकदां चांगल्या उजेडांत, कवळी काढून, आरसा धरून दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा व टाळू पाहावें. म्हाताऱ्या माणसांचें तोंड सुनेनें किंवा नातवानें पाहावें, त्यांत संकोच कसला? स्वतःचीं तीन बोटें उभीं तोंडांत जातात कीं नाहीं, हें पाहावें. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, नवा चट्टा, मानेंतील गांठ, बसलेला आवाज, एका कानांत येणारी कळ, घांस अडकणें, थुंकींतून रक्त किंवा विनाकारण घटणारें वजन, ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास पुढील तारखेची वाट पाहूं नये. अशा साध्या डोळ्यांच्या पाहणीचें मोल केरळांत तिरुवनंतपुरम्‌च्या परिसरांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगानें दाखवून दिलें: शिकविलेल्या आरोग्यसेवकांनीं घरोघर जाऊन लोकांचीं तोंडें तपासलीं, तेव्हां तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटले, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. तेथें नवें यंत्र नव्हतें. होती ती केवळ नजर.

किरणोपचार झालेल्या माणसाचा दांत परस्पर उपटूं नये. जबड्याचें हाड सडण्याची भीति असते, म्हणून दंतवैद्यास पूर्वींची हकीकत आधीं सांगावी. मानेवर किरण पडले असल्यास कंठग्रंथि मंदावते; त्यासाठीं सहा ते बारा महिन्यांनीं रक्त तपासावें. आणि एक गोष्ट स्वयंपाकघरासाठीं: हा रोग एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं. बऱ्या झालेल्या माणसाचें ताटवाटी-फुलपात्र वेगळें काढणें हा अज्ञानाचा प्रकार असून, रोगापेक्षांही तो त्याच्या जिवास अधिक लागतो.

सुपारीविषयीं शेवटचे दोन शब्द

आमच्या कित्येक वाचकांच्या वाड्या ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत आडव्या झाल्या. श्रीवर्धन-दिवेआगरकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोफळी एका दुपारींत मोडून पडल्या, आणि नव्यानें लावलेल्या रोपांस फळ धरण्यास कित्येक वर्षें लागतात. अशा लोकांस सुपारीचे दोष सांगतांना लेखणी जड होते. पण वाडी म्हणजे केवळ पोफळ नव्हे. तिच्याच सावलींत मिरी, जायफळ व दालचिनी चांगलीं येतात, आणि कोंकण कृषि विद्यापीठानें ह्या मिश्र लागवडीचा पुरस्कार केलेला आहे. बाजारावर आपली सत्ता नाहीं. आपल्या ओटीवर आहे. देव्हाऱ्यांत गणपति म्हणून सुपारी पुजावी, ओटींत घालावी, आमंत्रणास द्यावी. धर्माचा तिच्याशीं असलेला संबंध ती चघळल्यावांचूनही अबाधित राहतो.

ज्या घरांतून एक माणूस ह्या रोगांतून वांचून परत आलें आहे, त्या घरास रोग काय असतो हें कोणी सांगावयास नको. बांध घालणें व नजर ठेवणें, हीं दोनच कामें आतां उरलेलीं आहेत. तीं खर्चाचीं नाहींत, पण जन्मभराचीं आहेत. बऱ्या झालेल्या माणसाबरोबरच त्याच्या पंक्तीस बसणाऱ्या नातवंडांनींही तबकाकडे हात नेला नाहीं, तर त्या घरांत पहिल्या रोगाचीही पुढें फारशी भीति उरणार नाहीं.